बाम्बर्ग: धुराच्या वासाची बिअर आणि नदीच्या मधोमध उभा टाउन हॉल

जर्मनीत बिअर प्यायची म्हटलं की आपल्याकडचे सगळे म्युनिकचं तिकीट काढतात. ऑक्टोबरफेस्ट, तो मोठा तंबू, लिटरचा मग, फोटो. ते बघावं एकदा, नाही असं नाही, पण मी एर्लांगनला राहते आणि पुण्याहून कोणी आलं की मी त्यांना बाम्बर्गला घेऊन जाते. रिजनल ट्रेनने तासाभराच्या आतच पोचतो, डॉइचलांड टिकेट, म्हणजे रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास, चालतं. या वेळी मावसभाऊ आणि वहिनी होते. दादाला बिअरमधलं कळतं, वहिनी पीत नाही आणि पक्की शाकाहारी, पण दिवस दोघांचाही मस्त गेला.

आधी बिअरचंच सांगते कारण बाम्बर्गला जायचं खरं कारण ते आहे. इथली खासियत म्हणजे राउखबिअर, धुरावलेली बिअर. बार्ली भिजवायची, मटकीसारखे मोड आणायचे आणि मग ती वाळवायची, हा माल्ट करण्याचा प्रकार सगळीकडे सारखाच, फरक वाळवण्यात आहे. पूर्वी ते थेट लाकडाच्या आगीवर वाळवायचे, त्यामुळे धूर दाण्यात मुरायचा आणि बहुतेक बिअरला थोडाफार तो वास असायचाच. पुढे कोळसा आला, मग धूर न लागता गरम हवेवर वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या, आणि जगभरातून ती चव जवळपास गेलीच. बाम्बर्गमधल्या श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल या दोन ब्रुअरीज मात्र आजही स्वतःचा माल्ट स्वतः बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर वाळवतात. हे टुरिस्टसाठी नंतर सुरू केलेलं नाहीये, त्यांनी ते कधी सोडलंच नाही, आणि मला या गावाचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं. श्लेंकर्लाचा उल्लेख 1405 चा आहे, श्पेत्सियाल 1536 ची. आणि बिअरमध्ये काय घालायचं याचा नियम बाम्बर्गच्या बिशपने 1489 मध्येच केला होता, बव्हेरियाचा तो प्रसिद्ध 1516 चा कायदा नंतरचा, हे इथले लोक आवर्जून सांगतात.

स्टेशनवरून जुन्या गावाकडे चालत निघालं की ओबेरे क्योनिगस्ट्रासवर श्पेत्सियाल लागतं आणि जवळजवळ समोरच फेसला ही आणखी एक ब्रुअरी, ती 1649 पासूनची. पण सकाळी आम्ही आधी गाव बघून घेतलं. रेग्निट्झ नदीच्या मधोमध जुना टाउन हॉल उभा आहे. गोष्ट अशी सांगतात की बिशप गावकऱ्यांना जागा द्यायला तयार नव्हता, म्हणून त्यांनी नदीतच खांब ठोकून बेट केलं आणि त्यावर बांधला. भिंतींवर 1755 ची चित्रं आहेत, आणि त्यात एका छोट्या देवदूताचा पाय चित्रातून चक्क बाहेर आलाय, खराखुरा दगडी पाय, खालून मान वर करून शोधायला लागतो. वहिनीला तो आधी दिसला. एका टोकाला लाकडी चौकटीचं पिवळं घर पाण्यावर लटकल्यासारखं आहे, सगळे तिथेच फोटो काढतात. महायुद्धात या गावाचं फारसं नुकसान झालं नाही म्हणून हे सगळं मूळचं उरलंय, 1993 पासून जुनं गाव युनेस्कोच्या यादीत आहे.

मग चढ चढून कॅथेड्रल. सम्राट हाइनरिश दुसरा आणि त्याची राणी कुनिगुंडे यांची टिलमन रिमेनश्नायडरने कोरलेली कबर बघाच, आणि पोप क्लेमेंट दुसरा इथेच पुरलाय, आल्प्सच्या उत्तरेला पोपची कबर एवढी एकच. खांबाला टेकून तो दगडी घोडेस्वार आहे, तेराव्या शतकातला, तो नक्की कोण यावर अजून एकमत नाही. बाजूच्या राजवाड्याच्या गुलाबांच्या बागेतून सगळी लाल कौलं दिसतात, तिथे जरा बसा, घाई नका करू.

खाली उतरलं की श्लेंकर्ला. काळपट लाकडी तुळया, लांब बाकं, काउंटरवर लाकडी पिंप आणि त्याला तोटी, बिअर तशीच ग्लासात पडते. जागा नसेल तर बसलेल्यांना "इस्ट हिअर नॉख फ्राय?", म्हणजे इथे जागा आहे का, असं विचारायचं आणि सरळ त्यांच्या टेबलावर बसायचं, इथे तीच पद्धत. अर्धा लिटर म्हणजे सायडला. रंग गडद तपकिरी, वर घट्ट फेस, आणि ग्लास तोंडाजवळ नेला की आधी धूर येतो, स्मोक्ड मांसाचा असतो तसा खमंग. पहिल्या घोटाला दादाने भुवया वर केल्या, काही बोलला नाही. शेजारचे आजोबा म्हणाले, अजून निम्मा प्या मग सांगा. आणि खरंच, निम्म्यानंतर जीभ धुराला सरावते आणि खालचा माल्टचा गोडवा आणि शेवटी हलका कडूपणा वेगवेगळे कळायला लागतात. दादा म्हणाला, "ही सावकाश प्यायची बिअर आहे गं." अगदी तेच! आजोबांशी मग पाऊण तास गप्पा झाल्या, त्यांना पुण्याच्या पावसाबद्दल सगळं जाणून घ्यायचं होतं.

खाण्याचं म्हणाल तर इथला कांदा प्रसिद्ध आहे पण त्यात मांसाचं सारण असतं, वहिनीसाठी ब्रेत्सेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा पाव, आणि गेरुप्फ्टर घेतलं, म्हणजे चीज-लोण्यात कांदा नि पाप्रिका कालवलेलं, तिने दोन ब्रेत्सेल संपवले.

संध्याकाळी श्पेत्सियालच्या केलरवर, म्हणजे टेकडीवरच्या त्यांच्या बिअरच्या बागेत, चढून गेलो. फ्रिज नव्हते तेव्हा टेकड्यांच्या पोटात खडक खोदून बिअर थंड ठेवायचे, वर सावलीसाठी झाडं लावायचे, आणि लोक तिथेच प्यायला बसायला लागले. इथून समोर कॅथेड्रलचे चारही मनोरे दिसतात. श्पेत्सियालचं लागर रंगाने फिकट आणि धूरही कमी, त्यामुळे धुराची धास्ती असेल त्याने इथून सुरुवात करावी, श्लेंकर्ला नंतर. आमचं उलटं झालं तरी दादाला हीच जास्त आवडली. मला विचाराल तर श्लेंकर्ला. मार्स नावाच्या ब्रुअरीत जायचं राहिलं, पुढच्या खेपेला आधी तिकडेच.