निळा ठिपका आणि कटलेट

आमच्या घरात एक आठ इंची टॅब आहे, जो वर्षातले दहा महिने कपाटात साड्यांखाली झोपलेला असतो. घरी त्याला कामच नाही, कॉल फोनवर, ऑफिसचं लॅपटॉपवर आणि पिक्चर टीव्हीवर, त्यामुळे दर दिवाळीच्या साफसफाईत नवरा तो हातात घेऊन विचारतो, काढून टाकायचा का हा? मी म्हणते थांब जरा, मला कुडाळला जायचंय.

२०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने सात इंची टॅबची भरपूर टिंगल केली होती, म्हणे असल्या टॅबसोबत सँडपेपरपण द्या म्हणजे लोक बोटं घासून बारीक करतील. मग २०१२ मध्ये त्याच्याच कंपनीने ७.९ इंचाचा आयपॅड मिनी काढला, ते बघायला तो नव्हता. पण मला वाटतं मांडवी एक्सप्रेसच्या स्लीपरमध्ये साइड लोअरवर बसायची वेळ त्याच्यावर कधी आली नसावी. तिथे मोठा टॅब उघडला की एक कोपरा समोरच्याच्या गुडघ्याला लागतो, आणि फोनवर नकाशा बघायचा तर अख्खं कोकण बोटभर दिसतं. आठ इंची कसा एका हातात मावतो, दुसरा हात कटलेटला मोकळा. (मांडवीत बसून कटलेट न खाणाऱ्या माणसांबद्दल मी काही बोलत नाही.)

माझ्या टॅबमध्ये सिम नाही आणि हेच त्याचं सुख. पनवेल गेलं की फोन पर्समध्ये खाली टाकायचा, ऑफिसवाल्यांना माहितीये की पुढे रेंज येते-जाते, मी ते जरा वाढवूनच सांगते, आणि टॅब काढायचा. पुस्तकं भरलेली असतात चार-पाच, पण खरं सांगू, एकही वाचून होत नाही, मी बघत बसते नकाशाच. तो आदल्या रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवावा लागतो, एकदा विसरले होते तर कुडाळ येईपर्यंत करड्या चौकटींवर एकटाच निळा ठिपका सरकत होता, जमीनच नाही खाली. लोकांना वाटतं नेट नाही म्हणजे नकाशा बंद, पण जीपीएसला नेट लागतच नाही, तो नुसता वरून येणारे उपग्रहांचे सिग्नल ऐकत असतो. फक्त टॅबमध्ये ती सोय हवी, काही नुसत्या वायफायवाल्या टॅबमध्ये नसते. माझ्या बहिणीचा माझ्यापेक्षा तिप्पट महाग टॅब असा मुका बसून होता आणि माझा स्वस्तातला सांगत होता की वाशिष्ठी आली, तेव्हा मी काही बोलले नाही पण चेहऱ्यावर दिसलं असणार. आणि खिडकी लागते, एसीच्या काळपट काचेआड ठिपका भांबावतो, स्लीपरच्या गजांपाशी धरला की ताळ्यावर येतो.

मागच्या गणपतीच्या आधी जाताना समोर एक काकी होत्या, कणकवलीला उतरणाऱ्या. संगमेश्वरपर्यंत त्या नुसत्या बघत होत्या, मग न राहवून विचारलं, "गाडी खंय इली गो?" मी टॅब त्यांच्याकडे फिरवला. "आनी ह्यो निळो ठिपको म्हंजे आमी काय?" तेवढ्यात उक्षी मागे पडलं आणि करबुड्याचा बोगदा आला, साडेसहा किलोमीटरचा, आणि ठिपका बोगद्याच्या तोंडाशी जो थांबला तो थांबलाच. गाडी धडधडत पुढे चाललीये, कानात तो आवाज, आणि नकाशाप्रमाणे आम्ही सगळे अजून बाहेरच उभे. काकींना याची इतकी गंमत वाटली की पाच-सहा मिनिटांनी उजेड आला आणि ठिपक्याने भोके स्टेशनाकडे टुणकन उडी मारली तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. मग काय, वरच्या बर्थवरचा पोरगा खाली आला, पलीकडचे आजोबा चष्मा पुसत आले, आणि दर बोगद्याला कॉमेंट्री सुरू. रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा पूल, ६४ मीटर उंच, तेव्हा मात्र मीच टॅब पालथा ठेवला, तिथे खालीच बघायचं असतं.

पुढे एका बारक्या स्टेशनवर गाडी थांबली. दहा मिनिटं, वीस मिनिटं, ठिपका जागचा हलेना. आजोबा मला विचारताहेत का थांबली, जसं काही गाडी मीच चालवतेय. टॅबला काय ठाऊक. चहावाला गेला तो न थांबता सांगून गेला, क्रॉसिंग आहे, अजून पंधरा मिनिटं. बरोबर पंधरा मिनिटांनी समोरून गाडी गेली.

वैभववाडी गेल्यावर काकी म्हणाल्या, आमचं घर दाखव यात. वाडीचं नाव सांगितलं, मी शोधलं, नाव कुठेच नाही. मोठा करत गेले तर नदीची एक निळी रेघ, एक बारीक रस्ता, बाकी सगळं हिरवं. काकींनी टॅब मांडीवर घेतला, नदीच्या वळणावरून बोट फिरवत फिरवत एका जागी टेकवलं. "हंय आसा आमचा घर." हातात अर्धं कटलेट होतं त्यांच्या.

मी कुडाळला उतरले, रिक्षात बसले, फोन काढला तर अकरा मिस्ड कॉल. घरी जाऊन टॅब चार्जिंगला लावला तेव्हा स्क्रीनवर तो तेलाचा डाग तसाच होता, नदीच्या जरा खाली.