मुरगळलं, निमित्त आणि चमक

सोमवारची ओपीडी म्हणजे आठवडी बाजार. त्या गर्दीत साताऱ्याजवळच्या एका गावातल्या काकू सुनेबरोबर आल्या. वय ६६. डेक्साच्या, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर खुब्याचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती कमी, तो आकडा) उणे १.९. ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे ठिसूळ हाडांच्या आजाराची, रेघ उणे २.५ ला, म्हणजे काकू रेघेच्या अलीकडेच. कॅल्शियम लिहून मोकळं व्हावं असा कागद.

तरी मी फ्रॅक्स भरायला घेतलं. शेफील्ड विद्यापीठातून २००८ साली आलेलं हे गणित पुढच्या १० वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत सांगतं. वय, वजन, उंची, मग हो-नाहीचे प्रश्न. आधी हाड मोडलंय? "न्हाई." आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता? "न्हाई." स्टिरॉइड? "ते काय असतंय?" आकडा किरकोळ निघाला.

कागद परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला. डाव्या हातात हिरवा चुडा, उजव्यात एकच सैल पाटली. मनगटाशी उंचवटा, जुन्या फ्रॅक्चरनंतर वाकडं जुळतं तसा.

"ह्यात बांगड्या चढत न्हाईत. चार वर्सामागं मुरगळलं होतं. एकानं चोळून, पट्टी बांधून दिली."

मी खुर्ची पुढे ओढली. आई कशानं गेल्या?

"न्हाणीत पडायचं निमित्त झालं. एक पाय आखूड दिसायचा, पंजा भायेर वळल्याला. उठलीच न्हाई परत."

खुबा मोडल्याचं इतकं नेमकं वर्णन आमची पोरं परीक्षेतही करत नाहीत. तेवढ्यात सुनेनं पिशवीतून दम्याच्या गोळ्यांची पट्टी काढली: प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच, दिवाळीपासून रोज. तेव्हा आषाढ चालू होता.

तिन्ही 'नाही' पुसून 'हो' केले. खुबा मोडण्याच्या शक्यतेचा आकडा तिपटीच्या वर गेला. (स्टिरॉइडचा डोस किती, माणूस वर्षात कितीदा पडलं, हे फ्रॅक्स विचारतच नाही. ते आपणच धरायचं.) मग पाठीचा बाजूनं एक्स-रे काढला. छातीचा बारावा मणका पुढून चेपून पाचरीसारखा झालेला, म्हणजे हेही मोडलेलं हाडच. आता टी-स्कोअर काहीही म्हणो, औषध सुरू करायलाच हवं होतं.

"काकू, पाठीत कधी जोरात दुखलं होतं?"

"दुखलं न्हाई ओ, चमक भरली होती. हंडा उचलताना. मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं, ऱ्हायलं."

सून म्हणाली, "तवापासनं वरच्या फळीवरचा डबा मीच काढून देते. त्यांचा हात पोचत न्हाई."