ग्रेट नॉट आणि ठेंगणा पाइन: सुयांनी छळलंय

ग्रेट नॉट हा किनाऱ्यावरचा स्थलांतरी पक्षी आणि ठेंगणा पाइन, दोघांचं एकत्र जलरंगातलं चित्र काढतोय. मास्किंग फ्लुइड (कागदाचा पांढरा राखायला लावायचा रबरी द्रव) चोळून काढताना कागदाचा पापुद्राच सोबत निघाला. कागद आर्चेसचा, 300 जीएसएम (जाड) कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत), त्याला नावं ठेवायला जागा नाही. स्वस्तातल्या फ्लुइडच्या नादी लागू नका, एवढंच म्हणतो.

पक्षी मात्र सुटला! खांद्यावरच्या पिसांचा विटकरी रंग बर्न्ट सिएनात थेंबभर इंडिगो घालून जमला. छातीवरचे काळे ठिपके कागद पूर्ण सुकल्यावर दिले, त्यामुळे कडा नेमक्या आल्या. आपल्या किनाऱ्यावर हा हिवाळ्यात क्वचित दिसतो आणि तेव्हा राखाडी असतो, म्हणून विणीचा पिसारा सगळा फोटोंवरून.

घोडं अडलंय पायनस प्युमिलापाशी, म्हणजे ठेंगण्या पाइनपाशी. एका जुडग्यात पाच सुया, प्रत्येकीच्या आतल्या अंगाला निळसर पांढऱ्या रेघा. गडद हिरव्यावर पांढरा गवाश (अपारदर्शक जलरंग) दिला की खडू फासल्यासारखं दिसतं. कागदाचा पांढरा राखायचा तर पुन्हा फ्लुइड. शेवटी रिगर ब्रश (लांब केसांचा बारीक ब्रश) घेऊन सुया न रंगवता त्यांच्यामधल्या फटीच रंगवत गेलो. वेळखाऊ काम, पण एका जुडग्यात पाचच्या पाच सुया सुट्या मोजता येतात! बाकीची फांदी अजून पेन्सिलीतच आहे.

दोन्ही लाइफसाइझ काढल्यामुळे एक गंमत कळली: नॉटची चोच आणि पाइनचा शंकू, दोन्ही साधारण 4 सेंमी. त्यात ईशान्य सायबेरियात विणीला आल्यावर हा पक्षी याच पाइनच्या बियाही खातो. एरवी शिंपले कवचासकट गिळून गिझर्डमध्ये (पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत) भरडणारा गडी! मग दोघांना समोरासमोर उभं करण्यात काय अर्थ? चोच शंकूच्या शेजारी आणतोय.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. खाली ऋतूंची पट्टी हवी. बर्फ पडायच्या आधी या पाइनच्या फांद्या जमिनीवर आडव्या होतात, वसंतात पुन्हा उठतात. तो बर्फाखाली असताना नॉट वायव्य ऑस्ट्रेलियाच्या चिखलात चरत असतो. परतीच्या उड्डाणाआधी त्याचे पचनाचे अवयव आक्रसतात. वाटेतला पिवळा समुद्रही दाखवायला हवा. 2006 मध्ये दक्षिण कोरियात किनाऱ्यावरच्या चिखलपट्ट्या समुद्रापासून तोडणारा सेमानग्यूमचा बांध पूर्ण झाला आणि या पक्ष्यांचा फार मोठा थांबा गेला.

म्हणजे हाफ इम्पिरियल (अर्धी शीट) पुरणार नाही. पूर्ण शीट ताणायला (ओली करून पाटावर चिकटवायला) घेतोय, सुयांचा सराव जुन्यावरच चालू. बर्फाआधी आडव्या झालेल्या फांद्यांचे जवळून काढलेले फोटो कुणाकडे आहेत का? होक्काइदोचे असले तरी चालतील.