१३ मिनिटं २० सेकंद

हिंगणघाटहून वडनेर, पुढे वर्धा नदीचा पूल ओलांडला की वडकी, आणि मग हायवे सोडून आत. एप्रिल संपता संपता सुरू झालेल्या या फेऱ्या मेच्या मध्यापर्यंत सहा झाल्या. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उपटून मोकळी झालेली काळी रानं, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि त्यांच्यावरून गेलेली १३२ केव्हीच्या टॉवरची रांग. ती रांग जिथे संपते त्या उपकेंद्रात बॅटरी रूमला लागून एक छोटी खोली आहे. आमचं कम्युनिकेशनचं सामान तिथे असतं.

तक्रार ऑपरेटरनं फोनवरच सांगितली होती. "मॅडम, फोन लागते, आवाजबी साफ येते, पण मधातच खट्ट होते न् दोन सेकंद काहीच आयकू येत नाही. मंग आपोआपच बरोबर होते." लोड डिस्पॅचकडूनही, म्हणजे विजेचा भार सांभाळणाऱ्या नियंत्रण केंद्राकडूनही, तेच कळत होतं. या उपकेंद्राचा डेटा क्षणभर जातो आणि परत येतो.

त्या खोलीत वीसेक वर्षांपूर्वीचा एक म्युक्स आहे, म्हणजे अनेक फोन आणि डेटा एकाच तारेत बसवणारं यंत्र. हॉटलाईनचा फोन त्याच्यावर आहे आणि आरटीयूचा डेटाही. कोणत्या लाईनवर किती लोड आहे, कोणता ब्रेकर उघडा आहे, हे लोड डिस्पॅचला सारखं कळवत राहणारं यंत्र म्हणजे आरटीयू. आमचा आरटीयू जुन्या आयईसी १०१ पद्धतीनं, सिरियल केबलवर, १२०० बॉडनं बोलतो. हे सगळे चॅनेल मिळून एक टू एमबी होते, म्हणजे सेकंदाला साधारण वीस लाख बिटांची एक तार. कागदावर तिला ई-वन म्हणतात, आमच्या तोंडी मात्र टू एमबीच. आधी ती एसडीएच या जुन्या, ठरलेल्या तालात बिट नेणाऱ्या यंत्रणेवरून जायची. ते सामान बंद पडत चाललं, सुटे भाग मिळेनात, आणि खालचं नेटवर्क आयपीचं, म्हणजे इंटरनेटसारखं पॅकेट करून डेटा नेणारं, झालं. म्युक्स मात्र ठणठणीत आहे. तो बदलायचा तर आरटीयू बदला, फोन बदला, वायरिंग नव्यानं ओढा, शटडाऊन घ्या. म्हणून दोन्ही टोकांना एकेक पेटी बसवली. म्युक्सची टू एमबी पेटीत घालायची, पेटी तिचे पॅकेट करून आयपीवर सोडते, पलीकडची पेटी त्यांची परत टू एमबी करून देते. म्युक्सला वाटतं, मधे तीच जुनी तार आहे.

मला हा मार्ग मनापासून पटतो. "आयपी आलं, आता जुनं फेका" असं बैठकीत म्हणणं सोपं असतं. चालू उपकेंद्रात वीस वर्षं न बिघडलेलं यंत्र काढताना किती गोष्टी हलतात ते जागेवर उभं राहिल्यावर कळतं. माझा भाऊ रात्री ओलिताला जातो. फीडर ट्रिप झाला तर तो अंधारात मोटारीजवळ बसून असतो, आणि इकडे ऑपरेटरला पहिल्या मिनिटात हॉटलाईनवर बोलता यावं लागतं. तो फोन कोणत्या साली बनला याला माझ्या लेखी महत्त्व नाही. तो लागला पाहिजे.

आता ही 'खट्ट' कुठून येत होती ते सांगते, कारण याच ठिकाणी भल्याभल्यांची फसगत होते.

टू एमबीत ३२ खाचा असतात, आम्ही त्यांना टाईमस्लॉट म्हणतो. प्रत्येक खाचेत ८ बिट, म्हणजे एका फ्रेममध्ये २५६ बिट, आणि अशा फ्रेम सेकंदाला ८००० जातात. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे ठरले, त्यावरून हा आकडा आला. गुणाकार केला की २० लाख ४८ हजार बिट होतात. या तारेवर कोणी बोलत असो वा नसो, दर १२५ मायक्रोसेकंदांना एक फ्रेम येणार म्हणजे येणारच. बिट ज्या तालात येतात तो तालच पलीकडच्या यंत्राचं घड्याळ असतो. वेळ तारेतूनच येते, वेगळी पाठवावी लागत नाही.

पॅकेटला हा ताल नसतो. ते निघतं, वाटेत कुठे थांबतं, दुसऱ्यांच्या मागे रांगेत लागतं, आणि पोचतं तेव्हा पोचतं. आमची पेटी २५६ बाइटचं एक पॅकेट करते, म्हणजे एका मिलिसेकंदाचा माल, सेकंदाला १००० पॅकेट. या पद्धतीला सॅटॉप म्हणतात, २००६ साली आरएफसी ४५५३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ती नमूद झाली. आत फ्रेम आहे की काय आहे हे ती बघतच नाही, बिट आले तसे उचलते. (फक्त वापरातल्या खाचा उचलणारी सेसॉप-एसएन ही दुसरी पद्धत आहे. आमच्याकडे ती नाही.) हेडरचं, म्हणजे पॅकेटवरच्या पत्ता वगैरे माहितीचं, ओझं धरून २.०४८ एमबीपीएसच्या जागी साधारण २.४५ लागतात. फायबरवर तेवढ्याचं काही वाटत नाही. अडचण असते ती वेळेची. पॅकेट मागेपुढे पोचतात म्हणून घेणारी पेटी थोडा माल साठवून ठेवते आणि म्युक्सला एका लयीत देत राहते. हा साठा म्हणजे जिटर बफर. पण कोणत्या लयीत देत राहते? मूळ ताल तर पॅकेट करताना हरवला.

पेट्या बसवणारा इंजिनिअर माझ्या दुसऱ्या फेरीला सोबत होता. त्यानं लॅपटॉपवर पिंग लावून, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजून, दाखवलं. ४ मिलिसेकंद, एकही गळालेलं नाही. "नेटवर्क एकदम क्लीन आहे मॅडम, तुमचा म्युक्सच जुना झाला." म्युक्सवर लूप टाकून (पाठवलेलं तिथूनच परत फिरवून) चुकलेले बिट मोजणारी बीईआर टेस्ट घेतली तर एकही चूक नाही. मग तो म्हणाला, खोली तापते, पेटी गरम होते. त्याचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं, कारण दुपारी त्रास थोडा वाढतच होता. पेटीसमोर टेबल फॅन लावून तो निघून गेला.

चौथ्या फेरीला मी रात्री थांबले. दिवसा उपकेंद्रात माणसांची ये-जा असते, फोन सारखे वाजतात, एकाग्र होऊन काही बघता येत नाही. ऑपरेटरनं खुर्ची आणि पाण्याचा माठ आणून दिला. म्युक्सचा अलार्म दिवा दिसेल अशी बसले, मांडीवर वही, समोर मोबाईलचं घड्याळ सेकंदासकट.

११ वाजून ७ मिनिटांनी दिवा लागला आणि विझला. पुढचा ११:२०:२० ला. मग ११:३३:४०. मग ११:४७ ला.

४० मिनिटांत चार वेळा, आणि मधल्या अंतरात सेकंदाचाही फरक नाही. नेटवर्कमधली गर्दी अशी घड्याळ लावून येत नाही. सैल कनेक्टर असा शिस्तीत तुटत नाही. अंगावर काटा आला हो, खरंच. पेटीत लॉगिन करून काउंटर काढले. गळालेली पॅकेट शून्य. पण 'अंडररन'चा आकडा दर दिव्यागणिक एकानं वाढत होता. पलीकडच्या टोकाला सहकाऱ्याला फोन केला. त्याच्याकडे अंडररन शून्य आणि 'ओव्हररन' तेवढेच वाढलेले. माझ्या बाजूचा साठा रिकामा होत होता आणि त्याच्या बाजूचा भरून वाहत होता.

आता हिशेब वहीवरच होण्यासारखा होता. बफर ८ मिलिसेकंदांचा, तो निम्मा भरून सुरू होतो, म्हणजे ४. हे ४ मिलिसेकंद संपायला १३ मिनिटं २० सेकंद, म्हणजे ८०० सेकंद लागतात. भागाकार करा, सेकंदाला ५ मायक्रोसेकंद. माझी पेटी पलीकडच्या पेटीपेक्षा दहा लाखांत पाचनं पुढे धावत होती. संपलं की पेटी साठा पुन्हा निम्मा भरून घेते, तेवढ्यात म्युक्सची फ्रेम सुटते, खट्ट होतं, आणि परत पहिल्यापासून. पेट्यांच्या आतले क्रिस्टल, म्हणजे त्यांच्या घड्याळाला ताल देणारे तुकडे, खराब नव्हते. टू एमबीच्या जी.७०३ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात दहा लाखांत ५० पर्यंतचा फरक बसतो. दोन्ही पेट्या आपापल्या जागी बरोबर होत्या आणि त्यामुळेच कोणाच्या नजरेत येत नव्हत्या. बसवताना दोन्ही टोकांना घड्याळ 'इंटर्नल', म्हणजे पेटीचं स्वतःचं, ठेवलं होतं, आणि दोन्हीकडचे म्युक्स आपापल्या पेटीच्या मागे लावून दिले होते. एका सर्किटला दोन मालक.

दुपारचं कोडंही त्यातच सुटलं. क्रिस्टलची गती उष्णतेनं बदलते. दुपारी खोली तापली की हा फेरा साडेअकरा मिनिटांवर यायचा, फॅन लावला की पुन्हा तेराच्या आसपास. फॅननं फरक पडत होता, म्हणून सगळ्यांना वाटलं की दुखणं उष्णतेचं आहे.

बाबांना रात्री साडेबाराला फोन केला. ते दूरसंचार खात्यात मेकॅनिक होते. ग्रामपंचायतीच्या बाजूच्या खोलीत सी-डॉटचं १२८ पोर्टचं रॅक्स, म्हणजे गावचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, बसलं तेव्हापासून ते त्या खोलीतच असायचे म्हटलं तरी चालेल. मी नववीत असताना त्यांनी माझ्या हातात पंचिंग टूल दिलं होतं. क्रोनच्या, म्हणजे वायरी जोडायच्या पट्टीच्या, खाचेत वायर दाबली की 'टक्' असा आवाज येतो, आणि तो नीट आला नाही तर ते म्हणायचे, "काढ, पुन्हा मार." पुढे मी पॉलिटेक्निकला गेले ती त्या 'टक्'मुळेच. तर बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "स्लिप आहे बाई ते. आमच्याकडंबी यायचं. घड्याळाचा मालक एकच लागते, बाकी सगळ्यायनं त्याच्या मागं चालाव. तुह्या तिकडं मालक कोन हाय ते पाह्य आधी."

त्यांच्या काळी हा मालक फार काटेकोर असायचा. मुख्य एक्स्चेंजच्या घड्याळासाठी जी.८११ चं प्रमाण दहा हजार कोटींत एक एवढ्याच चुकीची मुभा देतं. अशी दोन घड्याळं उलट दिशांना चुकली तरी एक फ्रेम घसरायला, म्हणजे बाबांची ती स्लिप व्हायला, ७२ दिवस लागतात. आणि आम्ही १३ मिनिटांवर आलो होतो.

दुरुस्तीला पाऊण तास लागला. पलीकडच्या मुख्य टोकाला जीपीएसवर चालणारं घड्याळ आहे, तिथला म्युक्स पुन्हा त्याच्यावर घेतला. तिथली पेटी म्युक्सकडून येणाऱ्या टू एमबीवर चालायला लावली. माझ्या बाजूची पेटी 'अ‍ॅडॅप्टिव्ह'वर टाकली. यात पेटी पॅकेट किती वेगानं येताहेत आणि साठा भरतोय की उतरतोय हे बराच वेळ बघते आणि त्यावरून मूळ ताल ओळखून काढते. आणि इकडचा म्युक्स तिच्या मागे. लगेच काही दिसत नाही. पडद्यावर बराच वेळ 'अ‍ॅक्वायरिंग' होतं, माठातलं पाणी पिऊन झालं, बाहेर एक चक्कर झाली. परत आले तेव्हा 'लॉक्ड' आलेलं होतं. काउंटर शून्य केले आणि वहीत वेळ लिहिली, १:५२.

२:०५ गेले. २:१९ गेले. दिवा लागला नाही.

याच उपकेंद्रातून पुढे जाणाऱ्या एका लाईनचं डिफरन्शियल प्रोटेक्शनही आता या पेट्यांवर घ्यावं, असा विषय निघाला आहे. मी नाही म्हटलं आहे आणि का ते लेखी दिलं आहे. या प्रोटेक्शनमध्ये लाईनच्या दोन टोकांचा करंट एकाच क्षणाचा धरून जुळवला जातो, आणि फरक दिसला की रिले नावाचं यंत्र ब्रेकर उघडायला लावतं. रिले जाण्या-येण्याचा एकूण वेळ मोजतो आणि निम्मा जाण्याचा, निम्मा येण्याचा धरतो. आयपीवर जाणारी वाट एक आणि येणारी दुसरी असू शकते. जाताना २ मिलिसेकंद जास्त लागले तर रिलेचा हिशेब १ मिलिसेकंदानं चुकतो, आणि ५० हर्ट्झला १ मिलिसेकंद म्हणजे १८ अंश. लाईन धडधाकट असताना रिलेला दोन टोकांच्या करंटमध्ये नसलेला फरक दिसेल. लूप टाकून मोजलं तर हे कळत नाही, कारण लूपमध्ये जाणं-येणं एकत्रच मोजलं जातं. दोन्ही टोकांना जीपीएस घड्याळ लावून एकेका दिशेचा वेळ वेगळा मोजा, वाट दोन्हीकडून एकच बांधून घ्या, मग बोलू. फोनमध्ये खट्ट झालं तर माणूस "काय म्हणलं?" असं पुन्हा विचारतो. ब्रेकर विचारत नाही.

सहावी फेरी फक्त बघायला होती. भर दुपारी पोचले. बाहेर ४६ अंश, त्या खोलीत हात लावावा ते गरम. फॅन ऑपरेटरनं केव्हाच कंट्रोल रूममध्ये नेला होता. नऊ दिवसांचे काउंटर पाहिले: अंडररन शून्य, ओव्हररन शून्य. त्यानं हॉटलाईन उचलून माझ्यासमोर पंधरा मिनिटं पलीकडच्या माणसाशी गप्पा मारल्या, पावसाचा अंदाज, सोयाबीनचं बियाणं, सगळं, आणि मग रिसीव्हर माझ्या हातात दिला. "घ्या मॅडम, तुमीच आयका."

निघताना पेटीवर मार्करनं लिहिलं: 'घड्याळ पलीकडून येतं. इंटर्नल करू नये.' खाली तारीख. अशा पेट्या असलेली आणखी चार उपकेंद्रं आहेत. काउंटर मागवलेत, दोन ठिकाणचे आलेत. एकात अंडररन वाढतोय. सोमवारी तिकडे निघते.