काउंटर शून्यावर गेला की एन्क्रिप्शन संपलं: माझा अनुभव

शीतगृहातल्या सेन्सरचं एन्क्रिप्शन आता व्यवस्थित चालू आहे. तरीही तो तपासणीचा अर्ज आठवला की अजून चीड येते. या कामाला लागणाऱ्या दुसऱ्या कुणाचे आठवडे तिथेच वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहून ठेवते.

काम दिसायला साधं होतं. छोटे बिनतारी नोड, प्रत्येकात एक बटण सेल. दर मिनिटाला तापमान, आर्द्रता, सेलचं व्होल्टेज असं मिळून १२ बाइटचं मोजमाप गेटवेकडे, म्हणजे सगळ्या नोडचा डेटा गोळा करणाऱ्या यंत्राकडे, जायचं, आणि तेही उघडं. जवळपास रेडिओ घेऊन बसलेल्या कुणालाही ते वाचता आलं असतं. त्याहून वाईट म्हणजे खोटं तापमान घुसवता आलं असतं.

सायफर, म्हणजे एन्क्रिप्शनची पद्धत, निवडायला दोनच दिवस लागले. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये छोट्या उपकरणांसाठी अस्कॉन निवडला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एसपी ८००-२३२ हे त्याचं प्रमाण प्रसिद्ध केलं. किल्ली १२८ बिटची, आणि सगळी आतली स्थिती ४० बाइटमध्ये मावते. तुमच्या रेडिओ चिपमध्ये एईएस हे सर्रास वापरलं जाणारं सायफर हार्डवेअरमध्येच असेल तर बिनधास्त ते घ्या, ८०२.१५.४ या बिनतारी मानकात एईएस-सीसीएमची, म्हणजे एईएस वापरण्याच्या एका पद्धतीची, सोय आधीपासून आहे. आमच्या चिपमध्ये ते नव्हतं. एक संध्याकाळ मात्र फुकट गेली. जुन्या अस्कॉनचे चाचणी-नमुने (ठरलेला मजकूर आणि त्याचं अपेक्षित उत्तर) नव्या प्रमाणाशी जुळत नाहीत, कारण बाइटचा क्रम उलटला आहे आणि सुरुवातीचा स्थिरांकही बदलला आहे. कोड आणि नमुने एकाच आवृत्तीचे आहेत ना, हे आधी बघा.

मग अर्ज. ज्यांच्यासाठी काम करत होतो त्यांच्या सुरक्षा विभागाची मंजुरी लागत होती. अर्जात चार रकाने: अल्गोरिदमचं नाव, किल्लीची लांबी, टॅगची लांबी, प्रमाणाचा क्रमांक. टॅग म्हणजे पॅकेट खरं आहे हे पटवणारी, त्याला जोडलेली खूण. मी तो ८ बाइटचा लिहिला होता. अर्ज परत आला, "टॅग १६ बाइटचा हवा."

मी हिशोब करून पाठवला. २५० केबीपीएसच्या रेडिओवर एक बाइट हवेत जायला ३२ मायक्रोसेकंद लागतात. ८ बाइट वाचले तर दर पॅकेटमागे २५६ मायक्रोसेकंद रेडिओ कमी चालतो, आणि बटण सेल खातो तो रेडिओच, सायफर नव्हे. ६४ बिटचा टॅग अंदाजाने जुळवायचा तर एवढ्या संथ रेडिओवरून कोट्यवधी वर्षं पॅकेटं फेकत बसावं लागेल. उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्यात टॅगबद्दल काही नव्हतं, प्रमाणाचा क्रमांक पूर्ण लिहा एवढंच होतं. पुन्हा तीन आठवडे. सहा आठवड्यांनी मंजुरी आली, आणि या सगळ्या काळात नॉन्स कुठून येतो हे एकाही माणसाने विचारलं नाही. अर्जात तो रकानाच नव्हता.

नॉन्स म्हणजे एका किल्लीसोबत आयुष्यात एकदाच वापरायचा आकडा. अस्कॉनला तो १६ बाइटचा लागतो. आम्ही त्यात नोडचा ८ बाइटचा पत्ता, ४ बाइटचा, दर पॅकेटला एकने वाढणारा काउंटर आणि उरलेली जागा शून्य असं भरलं होतं. पत्ता गेटवेला माहीतच असतो, म्हणून हवेतून फक्त काउंटरचे ४ बाइट पाठवायचे. मिनिटाला एक पॅकेट या वेगाने ४ बाइटचा काउंटर संपायला आठ हजारांहून जास्त वर्षं लागतात, तेव्हा मी निर्धास्त होते. काउंटर वाढवण्याचा कोड चिपबरोबर आलेल्या नमुन्यातून घेतला होता. त्यात तो रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत, ठेवलेला होता. ती ओळ मी वाचली होती आणि पुढे गेले होते.

नोड बसवले आणि आठवड्याभरात थंड खोलीतले नोड गप्प झाले. बाहेरच्या मार्गिकेतले मात्र उत्तम बोलत होते. आम्ही दोष दिला धातूच्या भिंतींना. अँटेना हलवले, गेटवे जवळ आणला, आणि त्यात दोन आठवडे गेले. शेवटी मी गेटवेचा कोड उघडला. नाकारलेली पॅकेटं तो कुठेही न नोंदवता टाकून देत होता. एक नोंद टाकली आणि पडदा भरून गेला: जुना काउंटर, जुना काउंटर, जुना काउंटर. पॅकेटं येत होती. काउंटर आधीच्यापेक्षा लहान असल्यामुळे गेटवे ती जुन्याची पुनरावृत्ती समजत होता, आणि ते त्याचं कामच आहे. (तुमचा गेटवे नाकारलेलं पॅकेट कारणासकट नोंदवतो का, हे पहिल्या दिवशी तपासा. माझे दोन आठवडे वाचले असते.)

इथे आमच्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली. सहकारी म्हणाला, "गेटवेवरचाच काउंटर शून्य करू, डेटा येईल." आम्ही ते केलं. रातोरात सगळे आलेख भरले, सगळे खूश झाले. मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी नोड ७ ची हवेतली पॅकेटं पकडून ठेवली आणि एकच काउंटर असलेली दोन पॅकेटं शोधली. मिळाली. दोन्हींच्या १२ बाइटचा एक्सॉर घेतला, म्हणजे बिटला बिट ताडून पाहिला: सारखं तिथे शून्य, वेगळं तिथे एक.

१२ पैकी नऊ बाइट शून्य आले.

उरलेले तीन कोणते होते ते मला बघताक्षणी कळलं: तापमान, आर्द्रता आणि व्होल्टेज यांचा खालचा बाइट. किल्ली न वापरता, फक्त हवेतलं ऐकून दोन मोजमापांतला फरक समोर आला होता. अस्कॉन-एईएडी१२८ चा ठोकळा १६ बाइटचा आणि आमचा संदेश १२ बाइटचा, म्हणजे अख्खा संदेश पहिल्याच ठोकळ्यात. किल्ली तीच, नॉन्स तोच, की त्या ठोकळ्यावर चढणारे बिटही तेच, आणि एक्सॉरमध्ये ते एकमेकांना खोडतात. सायफरला यात काडीचाही दोष नाही. एईएस-सीसीएम असतं तरी हेच झालं असतं. मंजुरीचा कागद माझ्या टेबलावर होता आणि माहिती उघडी पडली होती.

काउंटर शून्यावर का जात होता ते ऑसिलोस्कोपवर दिसलं. थंडीत बटण सेलचा अंतर्गत रोध वाढतो. रेडिओ सुरू झाला की सेलचं व्होल्टेज खड्ड्यात पडल्यासारखं खाली यायचं. कधी पॅकेट पुरतं जायचं, कधी मध्येच चिप रीसेट व्हायची, आणि रॅमबरोबर काउंटरही जायचा. सेलला समांतर एक मोठा, कमी गळती असलेला कपॅसिटर लावल्यावर ते खड्डे उथळ झाले. पण तेवढ्यावर भिस्त ठेवायची नाही, कारण सेल बदलताना वीज जाणारच.

काउंटर फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत, ठेवायचा हे उघड आहे. मात्र दर पॅकेटला पुसून लिहू नका. फ्लॅशचं एक पान साधारण १०,००० वेळा पुसता येतं असं धरलं तर दिवसाला १,४४० वेळा पुसून ते सात दिवसांत संपेल. आम्ही १,०२४ आकड्यांचा गठ्ठा आधीच राखून ठेवतो. नोड सुरू झाला की फ्लॅशमधली मर्यादा वाचतो, तिथून मोजायला लागतो, आणि पहिलं पॅकेट पाठवण्याआधी मर्यादा १,०२४ ने पुढे लिहितो. मधेच वीज गेली तर उरलेले आकडे वाया जातात, जाऊ देत. साधारण १७ तासांतून एकदा लिहिणं होतं, आणि तेच पान १९ वर्षं पुरतं. याला एक अट आहे. नोड सतत रीसेट होत असेल तर दर वेळी एक लिहिणं खर्ची पडतं, म्हणून कपॅसिटर आधी लावा. लिहिण्यापूर्वी व्होल्टेजही मोजा. दोन पानांवर आलटून पालटून, चेकसमसकट (नोंद बिघडली नाही ना हे पडताळणाऱ्या आकड्यासकट) लिहा, आणि वाचताना दोन्हींतली मोठी योग्य नोंद घ्या.

फर्मवेअरच्या, म्हणजे चिपमधल्या प्रोग्रामच्या, अपडेटमध्ये हे पान पुसलं जात नाही ना, तेही बघायचं. आमच्याकडे जात होतं, वेळेत लक्षात आलं. प्रत्येक नोडला वेगळी किल्ली हवी, एक नोड कुणी उचलून नेला तर बाकीचे सुरक्षित राहतात. आणि नॉन्स एकदा जरी पुन्हा वापरला गेला असेल तर त्या किल्ल्या बदलाच. आम्ही थंड खोलीतल्या सगळ्या नोडच्या बदलल्या. बदलल्यावरच काउंटर शून्यापासून सुरू करण्याची मुभा असते, एरवी कधीही नाही.

सुधारित फर्मवेअरसाठी पुन्हा तोच अर्ज भरावा लागला. या वेळी मी माझ्याकडून एक पान जोडलं: काउंटर कुठे राहतो, वीज गेल्यावर कुठून सुरू होतो, गेटवे काय नाकारतो. त्यांनी एकही प्रश्न न विचारता मंजूर केलं. पान कुणी वाचलं की नाही, मला कळलेलं नाही.

मंजुरी येण्याच्या आधीच मी नोड ७ थंड खोलीत नेऊन त्याचा सेल ५० वेळा काढला आणि घातला. बोटं बधिर झाली होती. गेटवेच्या नोंदीत दर वेळी पहिला आकडा १,०२४ ने पुढचा होता: ४,०९६, ५,१२०, ६,१४४. नाकारलेलं पॅकेट एकही नव्हतं.