माध्यम इंग्रजी असल्याचा दाखला

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या आमच्या डेक्कनच्या ऑफिसात एकच प्रश्न दहा तोंडांनी येतो. "मॅडम, आयईएलटीएस न देता जमेल ना?" आयईएलटीएस म्हणजे इंग्रजीची परीक्षा. ती न देताही जमतं. पदवी इंग्रजीतून झाल्याचं कॉलेजचं पत्र ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं चालवून घेतात. आमच्या धंद्यात त्याला एमओआय म्हणतात, म्हणजे 'मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन'. परीक्षेला सतरा-अठरा हजार मोजावे लागतात, पत्राला एक अर्ज पुरतो. पंचवीस लाखांचं कर्ज काढायला निघालेले वडील या अठरा हजारांवर अडून बसतात, तेव्हा मला काय बोलावं ते सुचत नाही.

जुन्नरकडचा मुलगा. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, एमएस्सीला जायचं होतं. बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवरही काही ठिकाणी भागतं, पण याचे गुण तेवढे नव्हते. म्हणून पत्र.

असं पत्र कसं असावं हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, पदवीचं पूर्ण नाव, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, शिकवणं आणि परीक्षा दोन्ही इंग्रजीतून झाल्याचा स्वच्छ उल्लेख, सहीखाली नाव आणि हुद्दा, गोल शिक्का, आणि कॉलेजचा स्वतःचा ईमेल. जीमेल नको, कारण खात्री करायला तिकडून उलट मेल येते. याच्या कॉलेजातल्या क्लार्कने बोनाफाइडचा जुना साचा काढला, मधलं वाक्य बदललं आणि शेवटचं 'विद्यार्थ्याच्या विनंतीवरून' त्यालाच जोडून टाकलं. झालं काय, तर पत्राचा अर्थ असा निघत होता की विद्यार्थ्याच्या विनंतीवरून चार वर्षं माध्यम इंग्रजी ठेवलं होतं! इंग्रजीतून शिक्षण झाल्याचा दाखला, त्यात पाच ओळींत चार चुका. फोन केला तर उत्तर मिळालं, "तुम्हीच मजकूर पाठवा, साहेब सही करतील." मी पाठवला. साहेबांनी केली. विद्यापीठाने पत्र मान्य केलं.

पत्र अगदीच खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. पेपर इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, प्रोजेक्ट रिपोर्ट इंग्रजीत. "पण सर शिकवायचे मराठीतच," तो मला सहज म्हणाला होता. त्याच्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. मराठीत समजावल्यामुळेच त्याला विषय कळला होता. द्राक्षबागेतल्या मातीची ओल मोजून पंप आपोआप चालू-बंद करणारं सर्किट त्याने केलं होतं. सेन्सरला गंज का चढतो आणि त्यावर त्याने काय तोड काढली, हे त्याने मला अर्धा तास मराठीत सांगितलं. मी कॉमर्सची, तरी समजलं.

तरीही मी परीक्षेचा आग्रह धरला होता. मी प्रत्येकाची बोलण्याची एक चाचणी घेते, आयईएलटीएससारखीच: विषयाचं कार्ड, एक मिनिट तयारी, मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं. हेल मराठी असला तरी त्याचे गुण जात नाहीत, अडखळणं मात्र नडतं. हा चाळीस सेकंदांत थांबला. त्याचं लिहिणं-वाचणं बरं होतं, तीन महिने घासलं असतं तर परीक्षेत नऊपैकी साडेसहा कठीण नव्हते. पण आमच्या अॅप्लिकेशन टीममधला सहकारी म्हणाला, "पत्र आहे ना, मग कशाला घोळ?" मुलगा रुजू झाला की पहिल्या वर्षाच्या फीवर ऑफिसला कमिशन मिळतं. तीन महिने घासणाऱ्या मुलाचं मिळत नाही.

पत्र चालतं म्हणजे इंग्रजीची अट सुटली, असा सगळ्यांचा समज असतो. ब्रिटनचा नियम असा आहे की पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांना मुलाचं इंग्रजी बी-टू पातळीचं, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर मध्यमाच्या वरचं, आहे की नाही, हे विद्यापीठानेच ठरवायचं. म्हणजे जबाबदारीही त्यांचीच. त्यांनी प्रवेशाचा कागद दिलेल्या मुलांपैकी ठरावीक टक्क्यांहून जास्त जणांना व्हिसा नाकारला गेला, तर परदेशी विद्यार्थी घेण्याचा त्यांचा परवानाच धोक्यात येतो. म्हणून व्हिसासाठी लागणारा सीएएस क्रमांक देण्याआधी बरीच विद्यापीठं व्हिडिओवर मुलाखत घेतात.

याची मुलाखत आमच्याच केबिनमध्ये झाली. वडील बाहेर सोफ्यावर, मी काचेच्या अलीकडे. पहिली दोन उत्तरं घडाघडा आली. ती आमच्या ऑफिसच्या छापील कागदावरची होती, मला पाठ आहेत. मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी प्रोजेक्टबद्दल विचारलं. मला हायसं वाटलं. हा रिपोर्टच्या पहिल्या पानावरचा सारांश म्हणायला लागला, शब्दन् शब्द. तिने मध्येच थांबवून विचारलं, सेन्सर खराब झाला तर काय करायचं? याच्याकडे त्या प्रश्नाचं अर्ध्या तासाचं उत्तर होतं. दोन वेळा "अॅक्च्युअली मॅम" म्हणाला आणि हसला. तिने शांतपणे पुढचा प्रश्न घेतला.

चार दिवसांनी मेल आली. मान्यताप्राप्त परीक्षेचा निकाल द्या, प्रवेश जानेवारीवर ढकलू.

वडील मला म्हणाले, "मॅडम, पत्र तर तुम्हीच बघून दिलं होतं. मग आता इंग्रजी कसं काय कमी पडलं?" त्यांना मी सीएएस आणि बी-टू समजावत बसले. त्यांचं लक्ष नव्हतं. संध्याकाळपर्यंत सहकाऱ्याने पत्र चालवणारं आणि मुलाखत न घेणारं दुसरं विद्यापीठ शोधून काढलं. फाइल त्याच्या टेबलावर गेली. परवा ऑफर आली, बिनशर्त. वडील सगळ्यांना पेढे देऊन गेले, मलाही.

मुलगा मागे रेंगाळला होता. "तिकडे प्रेझेंटेशन द्यावं लागतं का हो मॅडम?" त्याने विचारलं. बऱ्याच विषयांना असतं, मी म्हटलं. तो सप्टेंबरला निघतो. तोपर्यंत ऑफिस सुटल्यावर येत जा, सेन्सरपासून सुरू करू, असं मी त्याला सांगितलंय. सहकाऱ्याच्या मते मी उगाच वेळ घालवतेय.