तळाची धार, मधली धार

शनिवार, रात्री

आज आठवीच्या वर्गात ‘बल व दाब’ अर्धा झाला, उरलेला पुढच्या शनिवारी. घाई करायची नाही हे आम्ही जूनमध्येच ठरवलंय. इंजिनिअरिंगच्या पोरांनी शाळेत शिकवायला जायचं तर वर्षभर एकाच वर्गात जावं, असं माझं ठाम मत आहे. एका दिवसात चार शाळा उरकायच्या, फोटो काढायचे, प्रमाणपत्र घ्यायचं, यातून मुलांच्या हाती काही लागत नाही. ओळख मुरल्याशिवाय मुलं मनातलं बोलत नाहीत, आणि मनात काय आहे ते कळल्याशिवाय शिकवणार तरी काय?

शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, खिडकी लावली तरी खटखट ऐकू येते. बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू, वर्गात मराठी, आणि वाद रंगला की दोन्ही. धडा बाईच शिकवतात आणि छान शिकवतात. पण एवढ्या मोठ्या वर्गात प्रत्येकाच्या हातात प्रयोग द्यायचा म्हणजे माणसं लागतात. तिथे आम्ही.

प्रयोग साधाच. दोन लिटरच्या बाटलीला खाली, मध्ये आणि वर अशी तीन भोकं. पाणी ओतत राहायचं, म्हणजे पातळी हलत नाही. खाली दाब जास्त, म्हणून तळाची धार सर्वांत लांब जाते, असं चित्र बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. मी बाटली मुद्दाम फरशीवर ठेवली आणि आधी प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला लावला. जवळजवळ सगळ्यांनी ‘तळाची’ लिहिलं. बोळे काढले. मधली धार सगळ्यांच्या पुढे गेली, आणि वरची न् तळाची जवळजवळ एकाच जागी पडल्या.

“असं कसं बे?” मागून आवाज आला.

बाई हसल्या. मी काहीच सांगितलं नाही. एक मुलगी पुढे आली, पालथी पडून फरशीला गाल लावून धारांकडे बघत राहिली. मग उठली आणि म्हणाली, “सर, खालची जोरातच आहे. पण तिला पडायला जागाच नाही.”

बरोबर हेच! वेग भोकावर किती उंच पाणी आहे त्यावर ठरतो, पण धार किती लांब जाईल हे जमिनीला टेकायला तिला किती वेळ मिळतो त्यावरही ठरतं. बाटली स्टुलावर ठेवली, आणि आता तळाची धार सर्वांत पुढे. दुसऱ्या वर्षाला हे सूत्र मी परीक्षेत बिनचूक लिहिलंय, पण धारेपाशी गाल टेकवून पाहिलेलं त्या मुलीचं उत्तर मला त्याहून पक्कं वाटलं.

मग बॅरलचा विषय निघाला. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी निळं बॅरल असतंच. एकजण म्हणाला, बॅरलमध्ये पाणी जास्त, म्हणून त्याचा दाबही जास्त. अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. आम्ही भरलेली बादली घेतली, पारदर्शक पाइप पाण्याने भरून त्याचं एक टोक बादलीत बुडवलं, दुसरं बाहेर उभं धरलं. पाइपातलं पाणी बादलीच्या पातळीला येऊन थांबलं. पाइप वर-खाली केला, तिरका केला, तरी पातळी तीच. बादलीभर पाणी त्या बारीक पाइपातल्या ओंजळभर पाण्याला तसूभरही वर ढकलेना. दाब उंचीचा, रुंदीचा नाही.

तेवढ्यात एक मुलगा उभाच राहिला. “हा तर लेव्हल पाइप! माझा मामा गवंडी आहे. या भिंतीवर एक खूण, त्या भिंतीवर एक, मग सुतळी ओढतो.” एरवी हा मुलगा तोंड उघडत नाही. आज त्याने पाइपात बुडबुडा राहिला तर लेव्हल चुकते, हेसुद्धा सगळ्यांना समजावलं, मराठीत आणि मग शेजारच्यांना तेलुगूत. बाईंनी त्याला फळ्यापाशी बोलावून चित्र काढायला लावलं. फार बरं वाटलं.

शेवटी त्या मघाच्या मुलीने विचारलं, “टाकी एवढी उंच आहे, तर आमच्या गल्लीच्या टोकाला पाणी करंगळीएवढं का येतं? सगळ्यांना मोटर का लावावी लागते?”

हा प्रश्न धड्याच्या पुढचा आहे. पाणी थांबलेलं असताना फक्त उंची बघून चालतं. वाहायला लागलं की पाइपाच्या घर्षणात दाब खर्च होतो, वाटेतली प्रत्येक जोडणी पाणी ओढते, आणि कुणी थेट नळाला मोटर लावली की पुढच्या घरांचा दाब आणखी उतरतो. तिला हे तोंडी सांगून भागवायचं नाही. भीमेवरच्या उजनीतून शंभरावर किलोमीटर पाणी आणणाऱ्या शहरातल्या मुलांनी हे हाताने करून बघायलाच हवं.

पुढच्या शनिवारी लांब पाइप आडवा टाकायचा, ठरावीक अंतरावर भोकं पाडायची, टोक बंद करायचं, आणि आधी एकेक भोक उघडून, मग सगळी एकदम उघडून शेवटच्या धारेची उंची पट्टीने मोजायची. वहीत अंदाज आधीच. जुना पाइप मामाकडून मागून आणतो, असं तो मुलगा म्हणालाय. बोळे आणि दोन बादल्या आमच्याकडे.